हलगी खाली ठेवणारे आणि ढोल उचलणारे

‘रॅप म्हणजे अमेरिकेतला पोवाडाच’ असे विधान अलीकडे चर्चासत्रांतून सहज ऐकू येते. तालावर बोललेले शब्द, सत्तेला विचारलेले प्रश्न आणि समोर जमलेला समूह एवढे साम्य पाहून हे नाते जोडले जाते. ते सर्वस्वी चूक नाही. मात्र त्यामुळे दोन्हीकडच्या इतिहासातला एक कळीचा फरक नजरेआड होतो. हा फरक वाद्याचा आहे.

१७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला, तो ढोल वाजवीत. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे १९ मे १९६८ या दिवसाचे महत्त्व कळते. त्या दिवशी, माल्कम एक्सच्या जयंतीला, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील उद्यानात ‘द लास्ट पोएट्स’ हा कवींचा गट उभा राहिला. त्यांच्या कवितेला ढोलाची साथ असणे ही सजावट नव्हती. हिरावलेली वस्तू परत घेणे होते. १९७० साली या गटाची आणि गिल स्कॉट-हेरन या कवी-गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. पुढे ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधील एका इमारतीत, मूळच्या जमैकाच्या डीजे कूल हर्कने तबकड्यांवरचा तालाचा तुकडा लांबवून लोकांना नाचवले. अशा तालावर बोलण्याची जी रीत रुळली, तिने १९८२ च्या ‘द मेसेज’ या गाण्यात वस्तीतले दारिद्र्य मांडले.

आपल्याकडे स्थिती नेमकी उलटी होती. गावगाड्यात हलगी वाजवणे हे दलित जातींवर लादलेले काम होते. लग्न असो, जत्रा असो वा मर्तिक, बोलावणे आले की जावे लागे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची हीन कामे सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा हलगी खाली ठेवणे हीच प्रतिष्ठेची खूण झाली. ज्या वाद्याला बंदी होती ते उचलणे हा तिथला विद्रोह. ज्या वाद्याची सक्ती होती ते टाकणे हा इथला.

१९७२ सालाकडे या दृष्टीने पाहायला हवे. १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षीचा. नाव अमेरिकेतून आले, पण ढोल आला नाही. पँथरच्या पिढीतले कवी अनियतकालिकांतून, मुक्तछंदातून, छापील पानावरून बोलले. शिक्षणातून हाती आलेली लेखणी हीच त्यांची मिळकत होती, आणि ताल हा ज्यातून बाहेर पडायचे त्या गावाचा होता, असे मला वाटते.

अर्थात, ताल पूर्णपणे सुटला नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या परंपरेतून जलसा आला होता आणि त्यातूनच पुढे आंबेडकरी जलसा घडला. नाशिकचे भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाची चौकट ठेवली आणि आशय बदलला. गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आले, संवादांतून अस्पृश्यतेचा आणि शिक्षणाचा प्रश्न आला. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) तीच वाट गावोगाव नेली. म्हणजे पानावरचा कवी आणि तालावरचा गायक एकाच चळवळीत होते, पण साहित्याच्या इतिहासात त्यांची दालने वेगळी झाली.

मराठवाड्याला या विभागणीची किंमत मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ‘जय भीम’ म्हणणे न सोडणाऱ्या पोचीराम कांबळे यांची नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ज्याचा अभ्यासक्रम आम्ही मुखेडसारख्या गावी शिकवतो. या सोळा वर्षांची स्मृती गाण्यांनी जपली. दर १४ जानेवारीला ती ऐकू येतात. आमच्या वर्गांत मात्र ‘गोलपिठा’ आधुनिक कवितेच्या तासाला येतो आणि जलसा, आलाच तर, लोकसाहित्याच्या एखाद्या घटकात.

आता तिसरी पिढी आली आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ साली आरेच्या जंगलाचा आणि तिथल्या आदिवासींचा प्रश्न रॅपमधून मांडला. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर, राज्यातील सत्तांतरावरच्या मराठी रॅपमुळे, अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला. सत्तेने या शब्दांची दखल घेतली. समीक्षेने अजून पुरेशी घेतलेली नाही. यंत्रावरच्या तालाला गावकी नाही, त्यामागे कुणाचे बोलावणे नाही. हलगी टाकलेल्या घरातला नातू म्हणूनच तो निःशंकपणे उचलू शकतो.

तेव्हा विद्यार्थ्याने रॅपवर शोधनिबंध लिहितो म्हटले, तर त्याला आधी हार्लेमला पाठवू नये. आपल्या गावात हलगी कोणी, कोणत्या साली आणि काय सोसून खाली ठेवली, हे त्याने वडीलधाऱ्यांना विचारून यावे. सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.