नाट्यपदामागची तार

कोपरगाव : येथील गोदावरीकाठच्या बेट भागात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कचाने संजीवनी विद्या मिळविली ती याच भूमीवर, अशी परिसराची श्रद्धा आहे. तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्याचे नावही पूर्वी ‘संजीवनी’ असेच होते. कच, देवयानी आणि शुक्राचार्य यांची हीच कथा घेऊन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक लिहिले. किर्लोस्कर नाटक मंडळीने १९१३ मध्ये ते रंगभूमीवर आणले, तेव्हा देवयानीच्या भूमिकेत बालगंधर्व होते.

मराठी घराघरांत एकमेकांना आवडीने ऐकविले गेलेले संगीत कोणते, असे विचारले तर नाट्यसंगीताचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. हे संगीत हातोहात पुढे गेले. मात्र या प्रवासात गायकाचा गळा जेवढा जपला गेला, तेवढा त्यामागे झंकारणाऱ्या तारेचा विचार झाला नाही. नाट्यपद आणि तंतुवाद्य यांच्या नात्याचा हा मागोवा.

रंगमंचापासून खिशापर्यंत

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला. त्यानंतर ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांनी रागसंगीत सामान्य प्रेक्षकांच्या ओठांवर नेऊन ठेवले. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, तर ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखले यांच्या. ज्याने कधी मैफल ऐकली नव्हती, तोही नाटकाहून परतताना भीमपलास किंवा यमन गुणगुणू लागला. त्याला रागाचे नाव ठाऊक नसले तरी.

नाटक मंडळी मुक्काम हलवून गेली, की गावात पदांच्या आठवणी तेवढ्या उरत. ती उणीव ग्रामोफोनने भरून काढली. परंतु त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारे पद तेवढ्यात बसवावे लागले. पुढे आकाशवाणी आली, मग कॅसेट आली. आवडती पदे निवडून कोऱ्या कॅसेटवर भरून घेणे आणि ती मित्राला ऐकायला देणे, हा अनेक घरांतील आनंदाचा उद्योग होता. आज तेच पद भ्रमणध्वनीवरून क्षणात दुसऱ्याकडे पोहोचते. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने गाजलेले ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक २०१५ मध्ये चित्रपटरूपाने आले आणि नाटकाचा प्रयोग कधीही न पाहिलेल्या पिढीपर्यंत त्यातील पदे गेली.

साथीची वाद्ये

बालगंधर्वांनी १९१३ मध्येच गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे कलावंत होते. ऑर्गन सूर धरून ठेवी. परंतु त्याचे स्वर पट्ट्यांना बांधलेले. एका स्वरातून दुसऱ्यात अलगद उतरणारी मींड गळ्यामागोमाग काढून दाखविणे हे सारंगीचे काम. नाट्यपदाच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकल्यास गाण्याच्या कडेकडेने चालणारा असा तारेचा स्वर अनेकदा कानी पडतो.

तंबोरा प्रेक्षकांसमोर कमी येई. त्याची जागा रियाजाच्या खोलीत आणि मैफलीत. मैफलीच्या अखेरीस गवई नाट्यपद घेतो, तेव्हा ते रंगमंचावरून निघून पुन्हा तंबोऱ्याच्या छायेत येते.

मिरज : नाटकाचे आणि तारांचे गाव

नाट्यसंगीत आणि तंतुवाद्ये यांचे धागे मिरजेत एकत्र येतात. १९०५ मध्ये बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीतून रंगभूमीवर पदार्पण केले ते याच शहरात, ‘शाकुंतल’ नाटकातून. त्याआधी कित्येक वर्षे, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, येथील शिकलगार समाजातील कारागीर शस्त्रांना धार लावण्याचे काम सोडून वाद्यनिर्मितीकडे वळले होते. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या प्रारंभी घेतले जाते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले, तेव्हा कारागिराच्या दारातच कसलेला कान उपलब्ध झाला.

तंबोऱ्यासाठी मोठ्या, कडू भोपळ्याची आवश्यकता असते. तो पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतो. भोपळा वाळवून, कापून, आतून साफ करून त्यावर लाकडी तबली बसवितात आणि तून वृक्षाच्या लाकडाची दांडी जोडतात. पुरुषांचा तंबोरा मोठा व खर्जाचा, साधारण काळी एकच्या पट्टीचा; स्त्रियांचा आकाराने लहान, काळी चार-पाचच्या आसपासचा. चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन जोडाच्या षड्जात आणि अखेरची पितळी तार खर्जात लावतात.

जवारीचे मर्म

वाद्य दिसायला पूर्ण झाले तरी ते बोलू लागते जवारी लागल्यावरच. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो; त्याला अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उतारावर घासत कंप पावते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून योग्य जागा साधली, की एका षड्जातून गंधारासारखे स्वयंभू स्वरही उमटू लागतात. कानशीचा एक हात अधिक फिरला तरी गुंजन बिघडते. हे मोजपट्टीवर मोजता येत नाही. कारागीर ते कानाने ठरवितो. वापराने घोडी झिजते, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. साहजिकच तंबोरा घेणाऱ्याचे कारागिराशी नाते वर्षानुवर्षांचे असते.

हा झंकार आपल्यापुरताच नाही. जपानच्या शामिसेन या तीन तारांच्या वाद्यात सर्वांत खर्जातील तार मानेला हलकीशी स्पर्श करून असाच गुंजनयुक्त नाद देते. त्याला तेथे ‘सावारी’ म्हणतात. चीनमधील सानशियेन हे त्याचे पूर्वरूप. ते ओकिनावामार्गे सोळाव्या शतकात जपानात पोहोचले आणि पुढे काबुकी व बुनराकू या नाट्यप्रकारांचे प्रमुख वाद्य ठरले. नाटक आणि तंतुवाद्य यांची अशी जवळीक आशियात अन्यत्रही आहे. सतारीचे नावही ‘तीन तारा’ अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आले.

मानांकन मिळाले, पुढे काय?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, ही समाधानाची बाब होय. परंतु गेल्या चार दशकांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा रूढ झाला आणि आता भ्रमणध्वनीतही तंबोरा वाजतो. प्रवासात, एकट्याच्या रियाजात त्याचा उपयोग नाकारता येणार नाही. मात्र तो सूर कायम एकसारखा असतो. विद्यार्थ्याला खुंटी पिळून तार लावावी लागत नाही आणि सुरात येण्याची ती धडपड, जिच्यातून कान तयार होतो, अनुभवास येत नाही. वाद्याला गिऱ्हाईक नसेल तर कारागिराच्या मुलाने कानशी हाती का घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. मानांकनाचा कागद त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

‘विद्याहरण’च्या कथेतही विद्या ग्रंथातून मिळत नाही; ती गुरूकडून शिष्याला, जिवंतपणीच घ्यावी लागते. जवारीचे तसेच आहे. कोल्हापूरहून मिरजमार्गे निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोपरगावावरून पुढे मनमाडकडे जाते. शुक्राचार्यांचे गाव आणि तंबोऱ्याचे गाव एकाच गाडीने जोडलेले आहे. तेथवर जाणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. निदान आवडते नाट्यपद यापुढे कोणाला पाठविताना गायकाच्या नावासोबत साथीदाराचेही नाव कळवावे आणि एकदा केवळ मागची तार ऐकावी. ऐकणारा कान असेल, तरच ती लावणारा हात राहील.