२०११ चा सीझन आणि बारा नंबरची बराक

फॉर्म्युला वन भारतात परत येणार, ही बातमी अधूनमधून फिरत असते. आमच्या भायखळ्याच्या एका ग्रुपवर ती पुन्हा आली आणि लगेच "मुंबईत का नको?" सुरू झालं. म्हणून म्हटलं, २०११ चा सीझन एकदा नीट आठवून बघू. गाड्यांसकट आणि बिलासकट.

आधी एक गंमत. 'ग्रां प्री' हा शब्द मुळात मोटारींचा नाहीच, घोड्यांचा आहे. अर्थ फक्त 'मोठं बक्षीस'. १८६३ मध्ये पॅरिसला 'ग्रां प्री द पारी' ही घोड्यांची शर्यत सुरू झाली. मोटारवाल्यांनी ते नाव पुढे उचललं आणि १९०६ मध्ये फ्रान्समध्येच, ल मां इथे, मोटारींची पहिली मोठी ग्रां प्री झाली. आणि १८६३ मध्ये मुंबईचे घोडे कुठे धावत होते? आपल्या भायखळ्यात! रेस महालक्ष्मीला गेली ती १८८३ मध्ये. म्हणजे या शब्दावर आपला थोडा हक्क आहे. असो.

२०११ चा सीझन म्हणजे सेबॅस्टियन व्हेटेलचा सीझन. वीस शर्यती ठरल्या होत्या, बहरीनमध्ये आंदोलन पेटलं म्हणून तिथली रद्द झाली, उरल्या १९. त्यातल्या ११ व्हेटेलने जिंकल्या आणि १५ वेळा तो पहिल्या जागेवरून सुटला. टायर पिरेलीचे आले होते, ते मुद्दाम लवकर झिजतील असे बनवलेले. मागचा पंख उघडून पुढच्याला गाठायची सोय त्याच वर्षी आली. एवढं सगळं रंगत वाढावी म्हणून केलं, आणि हा चोवीस वर्षांचा पोरगा ९ ऑक्टोबरला जपानमध्येच चॅम्पियन होऊन बसला, चार शर्यती बाकी असताना. गुण ३९२. दुसऱ्या नंबरच्या जेन्सन बटनचे २७०.

म्हणजे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ३० ऑक्टोबरला पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हा निकाल लागून गेला होता. पण आपल्याला कुठे पर्वा होती. दिवाळी नुकतीच संपलेली. मी तेव्हा तालुक्याच्या दैनिकात होतो, भाऊबीजेला बहिणीकडे भायखळ्याला आलो होतो आणि रविवारपर्यंत थांबलो. दुपारी चाळीत क्रिकेटची मॅच असावी तशी टीव्हीसमोर गर्दी. निम्म्यांना नियम माहीत नव्हते, पण नारायण कार्तिकेयन दिसला की टाळ्या. तो सतरावा आला. मल्ल्यांच्या फोर्स इंडियाचा सुटिल नववा. व्हेटेल साठच्या साठ लॅप पुढे होता. शेवटी चौकड्यांचा झेंडा सचिनने हलवला तेव्हा सगळ्यात मोठा आरडाओरडा झाला. ट्रॉफी दिली मायावतींनी. शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रा शिरला होता, त्यावर जगभर हसले. तरी खरं सांगायचं तर शर्यत झकास झाली. ९५ हजारांच्या आसपास लोक आले, तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत.

आता बिल.

या धंद्याचं गणित साधं आहे. शर्यत भरवणारा तेव्हा एक्लस्टन यांच्या कंपनीला दरवर्षी मोठी फी द्यायचा. टीव्हीचे पैसे कंपनीचे, ट्रॅककडेच्या जाहिरातीही बहुतेक तिच्याच. भरवणाऱ्याच्या हातात राहतं ते तिकीट. अबुधाबीसारख्या ठिकाणी हा खड्डा सरकार भरतं, देशाची जाहिरात म्हणून. आपल्याकडे भरायचा होता जेपी या बिल्डर कंपनीने, ट्रॅकभोवतीची घरं विकून. घरांचा बाजार बसला की शर्यत बसणार हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. आम्ही पत्रकारांनी तेव्हा लिहिलं काय? 'देशाची मान उंचावली'.

सरकारने काय केलं? क्रीडा मंत्रालय म्हणालं, हा खेळ नाही, करमणूक आहे, कस्टम्सची सवलत नाही. मला हे पटलं होतं, आजही पटतं. फक्त आठवण करून देतो, २००३ मध्ये सचिनच्या फेरारीवरची १.१३ कोटींची ड्युटी माफ केली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी फियाटने ती भरली. उत्तर प्रदेश सरकारने करमणूक कर माफ केला, त्यावर जनहित याचिका झाली, आणि सुप्रीम कोर्टाने तिकिटाच्या पैशातले २५ टक्के बाजूला ठेवायला लावले. पुढे २०१७ मध्ये त्याच कोर्टाने ठरवलं की फॉर्म्युला वनच्या कंपनीला इथल्या कमाईवर इथे कर द्यावाच लागेल. तोवर शर्यत जाऊन चार वर्षं झाली होती. २०११, १२, १३, तिन्ही वेळा जिंकला व्हेटेलच, आणि दुकान बंद.

माणसांचं काय झालं बघा. २००७ मध्ये एक्लस्टन यांच्याशी प्राथमिक करार जाहीर करणारे आपल्या पुण्याचे सुरेश कलमाडी. शर्यतीच्या दिवशी ते राष्ट्रकुल प्रकरणात तिहारमध्ये होते. (ईडीचा तपास बंद करण्याचा अहवाल कोर्टाने २०२५ मध्ये स्वीकारला, हेही नोंदवायला हवं.) जेपीची मूळ कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी तिथे घरासाठी पैसे भरले, त्यातले कितीतरी वर्षानुवर्षं वाट बघत बसले.

आणि विजय मल्ल्या. महालक्ष्मीच्या डर्बीला त्यांच्या मॅकडॉवेलचं नाव किती वर्षं होतं, आपल्याकडच्या रेसवाल्यांना सांगायला नको. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची किंगफिशर बंद पडली होती. महिनोन्महिने पगार थकलेले कर्मचारी म्हणाले, नोएडाला शर्यतीच्या ठिकाणी येऊन निदर्शनं करू. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात बोलणी झाली आणि काही महिन्यांचा पगार द्यायचं ठरलं. फोर्स इंडियाची गाडी मात्र त्या रविवारी धावलीच. मल्ल्या २०१६ मध्ये लंडनला गेले. आरोप त्यांना मान्य नाहीत. २०१८ मध्ये लंडनच्या कोर्टाने विचारलं, यांना ठेवणार कुठे? तर भारत सरकारने व्हिडिओ काढून पाठवला, आर्थर रोड जेलच्या बारा नंबर बराकीचा. सात रस्त्याच्या त्या भिंतीजवळून आपण रोज जातो. एका बाजूला ते जेल, पलीकडे महालक्ष्मीचं रेसकोर्स.

या सगळ्यातून मुंबईच्या वाट्याला एक खरी गोष्ट आली. २०११ मध्येच फोर्स इंडियाने देशभरातून कार्टिंगची मुलं शोधली, निवडलेल्या तिघांत मुंबईचा जेहान दारूवाला होता, तेरा वर्षांचा. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला वनची सीट काही मिळाली नाही, पुढे तो फॉर्म्युला ई मध्ये गेला. त्या वर्षी चाळीत त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं.

ग्रुपवर "मुंबईत का नको" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: फी कोण भरणार, बिल्डर की महापालिका? रेसकोर्सची १२० एकर जागा आत्ता कुठे सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे आली आहे, म्हणून विचारतो. आणि कोणाकडे २०११ चं तिकीट जपून ठेवलेलं असेल तर फोटो टाका, बघायला आवडेल.