साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

पायाखाली मेलेला उंदीर येतो आणि तुम्ही दचकून मागे सरता. साल १८९७, मुंबईतलं मांडवी. धान्याच्या वखारींमागच्या चाळीत भर दुपारी जिना चाचपत चढावा लागतोय. वरच्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडली की समोर हातभर अंतरावर भिंत आणि खाली घरगल्लीतलं सांडपाणी. गेल्या सप्टेंबरात याच भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप म्हणजे प्लेग, हे ओळखलं. शेजारच्या दारावर रंगानं अक्षरं काढली आहेत : यू. एच. एच. माणसांनी राहण्यास अयोग्य. त्या घराची कौलं उतरवली आहेत, आत ऊन शिरावं म्हणून. जिथे वर्षानुवर्षं उजेड पोचला नाही, तिथे तो छप्पर उघडून ओतावा लागतोय. हे नीट पाहून ठेवा. पुढचं सगळं इथूनच निघतं.

१८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होतो. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला नवी वस्ती वसवायची, हे त्याचं काम.

आता पंधराएक वर्षं पुढे या. दादरच्या पलीकडे, माटुंग्याच्या बाजूला. चपलांना चिखल लागतो, कारण तुम्ही भातखाचरात उभे आहात. मोजणीवाले साखळी ओढताहेत, खुंट्या ठोकताहेत. घर एकही नाही, पण रस्ता कुठून वळणार, बाग कुठे राहणार, हे ठरून गेलंय.

आणि आकाश किती ठेवायचं, हेसुद्धा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांचा त्यासाठीच्या एका नियमावर फार जीव होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत तिरकी रेघ ओढा. जमिनीशी तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त होता कामा नये. म्हणजे समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्ये निदान २० फूट मोकळं हवं. एवढासा हिशेब, पण मांडवीच्या त्या खिडकीसाठी तो कुणीच केला नव्हता.

१९३० च्या दशकात शिरा. मंचरजी एडलजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टकडे पाठपुरावा करून इथे पारशी मध्यमवर्गासाठी १०३ भूखंड मिळवले. इमारती तळमजल्यावर दोन मजले, त्याहून उंच नाहीत. पाच बागांपाशी पोरं खेळताहेत. दर रस्त्याला झाड वेगळं : जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. कारण एकच जात सगळीकडे लावली आणि कीड पडली, तर सारी सावली एकदम जायची. रोगाच्या भीतीतून जन्मलेल्या वस्तीने झाडांच्याही साथीचा विचार करावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

थोडं चालून हिंदू कॉलनीत चला. इथे डॉ. आंबेडकरांचं राजगृह उभं आहे. पुस्तकांना जागा हवी, हे मनात धरून बांधलेलं घर.

पण मांडवीच्या खोलीतलं कुणी इथे दिसतंय का, बघा. नाही दिसणार. कारकून आले, मास्तर आले, वकील आले. पाडलेल्या चाळींतले हमाल मात्र इथलं भाडं देऊ शकत नव्हते आणि गोदीपासून इतक्या लांब राहूही शकत नव्हते. ते जवळच्याच दुसऱ्या चाळींत आणखी दाटीने घुसले. इतकी सुंदर योजना ज्यांच्या मरणातून सुचली, त्यांनाच तिच्यात जागा मिळाली नाही. मला ते आजही बोचतं.

आता आजच्या फिरदौसी रोडवर या. तळमजल्यावरच्या खिडकीशी उभे राहा, हात तिरका धरा, समोरच्या माथ्याकडे बोट करा. महोगनी आता पार वर गेलाय. उजेड येतो तो पानांतून गाळून, आणि फरशीवर हलत राहतो.