सीडी ड्राइव्ह दिसण्यामागचे करार

१९८१ साली आयबीएमने फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये आपला पहिला पीसी घडवला, तेव्हा त्याच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, फ्लॉपी ठाऊक होती आणि कॅसेटही. सीडी-रॉम अजून बाजारात यायची होती. नव्वदच्या दशकात विंडोज सीडीवर मिळू लागली आणि या वयाच्या फरकाचा त्रास अमेरिकेतल्या लाखो घरांना झाला: ड्राइव्ह चालवणारा ड्रायव्हर सीडीवर आहे, पण सीडी वाचायला आधी तोच ड्रायव्हर हवा. मग फ्लॉपीवरून डॉस सुरू करा, कॉन्फिग फाइलमध्ये ड्राइव्ह कंपनीच्या ड्रायव्हरची ओळ लिहा, त्यावर मायक्रोसॉफ्टचा एमएससीडीएक्स हा प्रोग्राम चालवा. एवढं सगळं जुळलं तरच सीडी दिसे. या त्रासाला सहसा तंत्राचं बालपण म्हणून सोडून दिलं जातं. मला ते पटत नाही. तंत्र पुरेसं होतं, कंपन्यांची सहमती नव्हती.

याचा पुरावा सीडीच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, फिलिप्स आदी कंपन्यांची माणसं एकत्र बसली आणि सीडीवर फाइली कशा मांडायच्या ते ठरलं. १९८८ मध्ये त्यातूनच आयएसओ ९६६० हे मानक आलं, आणि फाइलींच्या मांडणीचा घोळ मिटला. ड्राइव्ह संगणकाला जोडायचा कसा, यावर मात्र एकमत नव्हतं. सोनी, मित्सुमी, पॅनासॉनिक यांची जोडणी वेगवेगळी, त्यामुळे काही साउंड कार्डांवर तिघांसाठी तीन स्वतंत्र सॉकेट ठेवावे लागत. यावर कोणी म्हणेल की स्कझी ही सामायिक जोडणी महाग होती, या स्वस्त जोडण्यांमुळेच सीडी घरोघरी पोचली. हे खरं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण स्वस्ताई आणि एकमत यांचं वैर नव्हतं: पुढे एटापी या जोडणीच्या मानकाने सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्याच केबलवर आणला, तो स्वस्तही होता आणि सर्वांना समानही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मायक्रोसॉफ्टएवढ्या बलाढ्य कंपनीने हे एकटीने का सोडवलं नाही? कारण विंडोज सुरू होण्याआधीचा क्षण बायोसच्या हातात असतो, विंडोजच्या नाही. म्हणून तोडगा बायोस बनवणाऱ्या फिनिक्सने आयबीएमबरोबर काढला. जानेवारी १९९५ मधल्या त्या मानकाला कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन रेस्तराँवरून ‘एल टोरिटो’ हे नाव मिळालं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. सीडीवरच एका फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायोसने ती खरी फ्लॉपी म्हणून पुढे करायची. जुन्या डॉसमध्ये काहीही न बदलता नवं माध्यम चालू लागलं.

मात्र बायोसने सीडी वाचली म्हणून इन्स्टॉलरलाही ती वाचता येते असं नाही. इन्स्टॉलरचा गाभा एकदा सुरू झाला की तो बायोसला बाजूला सारून स्वतःचे ड्रायव्हर वापरतो. म्हणून सीडीवरूनच सुरू झालेला इन्स्टॉलर काही वेळाने ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असं सांगू शकतो. सीडी मागे पडली तरी हे संपलं नाही. २०१५ मध्ये इंटेलच्या नव्या चिपसेटमधून जुना यूएसबी कंट्रोलर गेला. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे पेनड्राइव्हवरून सुरू होऊनही तो तोच पेनड्राइव्ह ओळखेना. लोकांना यूएसबी ३ चे ड्रायव्हर घालून नवा इन्स्टॉलर तयार करावा लागला.