गळ, काठी आणि पेढी : एका छंदाचा मागोवा

इंद्रपुरीतील आमच्या घराच्या माळ्यावर खाकी कापडाच्या पिशवीत एक काठी आहे. तीन तुकड्यांची, पितळी जोडांची, मुठीला बुचाचे लाकूड असलेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि सचिवालयातील शेकडो मराठी कुटुंबे फायलींच्या गठ्ठ्यांमागोमाग भोपाळला आली. आमचे तीर्थरूप त्यांतलेच. सामानात पाटा-वरवंटा होता, देवांचा संपुष्ट होता आणि ही काठी होती. नागपूर सोडून विलायतेस परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. मासा धरावयाचा, पण खावयाचा नाही, हा त्यांचा नेम. धरलेला मासा शेजारच्या बंगाली कुटुंबात जाई, आणि काठी घरात येण्यापूर्वी अंगणात धुतली जाई. त्यावाचून आमच्या मातोश्री ती उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या नातवाने दूरध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवून एक कार्बनची काठी मागविली. चौथ्या दिवशी ती दारात आली. ती उघडता उघडता त्याने विचारले, "आजोबा, पणजोबांची काठी कोणत्या दुकानातली?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा एका छंदाचा आणि एका व्यापाराचा बराच लांबचा इतिहास हाती लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गळाने मासे धरण्याची हौस साहेबाने आणली, असा आपल्यात सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठी-कानडीच्या सीमेवरील गाव. पाच विंशतींच्या या ग्रंथात राजाच्या करमणुकींना वाहिलेला भाग आहे, आणि त्यात 'मत्स्यविनोद' असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणता मासा कोणत्या आमिषाला भुलतो, मासे एका जागी जमावेत म्हणून त्यांना आधी काय चारावे, दोर, काठी व गळ कसा असावा, याचा तेथे पद्धतशीर विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजीतील गळकऱ्यांचा आद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, ते आयझॅक वॉल्टनचे पुस्तक १६५३ चे. म्हणजे आपला राजा त्याच्या पाचशे वर्षे पुढे होता.

मराठी वाचकाला यात आणखी एक गोडी आहे. मराठीच्या आद्य नमुन्यांत गणल्या जाणाऱ्या काही ओळी याच 'मानसोल्लासा'त आल्या आहेत, आणि त्या मत्स्यावताराच्या स्तुतीच्या आहेत. आपल्या भाषेच्या उगमापाशीच मासा आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडकीच.

मात्र राजाचा विनोद राजवाड्यातच राहिला. बाहेर नदीकाठी भोई, ढीवर, कहार, केवट यांचे जाळे चालू होते, ते पोटासाठी. गळ हा फावल्या वेळेचा छंद म्हणून मध्यमवर्गाच्या हाती आला तो मात्र इंग्रजी अमदानीतच. त्यातही साहेबाने आपल्याकडून जे उचलले, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. लेफ्टनंट कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ मध्ये त्यांना शास्त्रीय नावे दिली. त्यांतील कित्येक त्याने इथल्या बोलीतूनच घेतली. पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीर 'खुद्री' झाला, तर इतर मासे 'कोलस', 'पोटेल', 'सांडखोल', 'फुलंगी' या नावांनी नोंदले गेले. लॅटिनच्या पोशाखात ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत.

मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये निघाले. विलायतेतील सामनपेक्षा महाशीर जोरकस आहे, असे त्याने ठासून सांगितले, आणि हिंदुस्थानात नेमणुकीवर येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या सामानात काठी-चकरीची भर पडली. पुढे १८८७ मध्ये त्याने तलावातील गळावर वेगळे पुस्तक लिहिले. राजा भोजाच्या तलावाकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते अधिक जवळचे वाटावे.

या छंदात सर्वांत नजाकतीचा प्रकार म्हणजे माशीचा गळ. येथे कणकेचा गोळा नाही की गांडूळ नाही. पिसे, केस आणि रेशीम बारीक आकड्यावर बांधून कीटकाचा आभास निर्माण करावयाचा. ती माशी इतकी हलकी की तिच्या वजनाने दोर फेकताच येत नाही. म्हणून दोरच जड केलेला असतो. काठी मागे-पुढे झुलवून तो दोर हवेत उलगडतात, आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद उतरते. थंड पाण्यातील ट्राउट हा या खेळाचा मानकरी. तो आपल्या देशातला नव्हे. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून काश्मीरच्या ओढ्यांत त्याची वस्ती झाली. आमच्या माळव्याच्या कोमट पाण्यात तो जगत नाही. मात्र वाहत्या पाण्यातील महाशीर माशीला तोंड लावतो, हे थॉमसच्या काळापासून ठाऊक आहे.

आता पेढीकडे वळू. त्या काळी गळाचे उत्तम सामान इंग्लंडात बने. अल्निकची हार्डी बंधूंची पेढी १८७२ मध्ये स्थापन झाली. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्हीचे भांडार १८९१ मध्ये उघडले. जाडजूड सूचिपत्र पाहून तेथे बंदुकीपासून बुटापर्यंत सर्व काही मागविता येई. नागपूरच्या साहेबाची काठीही अशाच एखाद्या सूचिपत्रातून आली असावी.

पण ती काठी कशाची होती? बांबूची. बांबू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढावयाच्या आणि त्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करावयाची, ही ती कारागिरी. एकोणिसाव्या शतकात या कामाला 'कलकत्ता केन' म्हणून जो बांबू लागे, तो हिंदुस्थानातून जाई. आमच्या रायसेन-होशंगाबादच्या जंगलांत जो भरीव बांबू उगवतो, त्याच जातीचा. माशी बांधण्यासाठी लागणारी मानेची पिसेही इथलीच. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेली पिसे असतात. सामनसाठीच्या विलायती माश्यांत त्यांना फार मोल होते, आणि त्यापायी अगणित कोंबडे मारले गेले. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद आहे. बांबू आपला, पिसे आपली. वस्तू मात्र तिकडे घडायची आणि दामदुपटीने इकडे यायची. कापसाची जी कथा आपण शाळेत शिकलो, तीच येथे लहान अक्षरांत लिहिलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या बांबूची जागा चीनच्या टोंकिन बांबूने घेतली. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि तोही दुर्मीळ झाला. नेमकी तेव्हाच काचतंतूची काठी तयार होत होती. तिने बाजार काबीज केला. १९७० च्या दशकात तिच्या जागी कार्बन आला. दोराचेही तेच झाले. पूर्वी आकड्याजवळचा पारदर्शक धागा रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीतून काढीत. स्पेनमधील मुर्सिया त्यासाठी प्रसिद्ध होते. १९३९ च्या सुमारास नायलॉन आले आणि तो धंदा बसला.

आमच्या लहानपणी या घडामोडींचा परिणाम भोपाळात कसा दिसे? परदेशी माल परवान्याशिवाय येत नसे. जुन्या शहरात दोरखंड, जाळी आणि सुतळी विकणारे एक दुकान होते. मालक वृद्ध, अदबशीर, नमाजाच्या वेळी दुकान उघडे टाकून जाणारे. त्यांच्याकडे काचेच्या बरणीत आकडे असत, नगावर मिळणारे. तुटलेली कडी ते स्वतः रेशमाने बांधून देत. भोपाळात गळ टाकणे याला 'शिकार' म्हणत आणि काठीला 'बंसी'. तीर्थरूप मराठी वळणाचे हिंदी बोलत, दुकानदार उर्दू वळणाचे, मध्ये बरणी. "भाऊसाब, हथाईखेडा पे आज पानी गदला है, कल जाइए," असा सल्ला फुकट मिळे. पैसे पगाराच्या दिवशी. भेलचा कारखाना उभा राहिला, पिपलानी आणि पुढे इंद्रपुरी वसली, तसे त्या दुकानात बंगाली, मल्याळी आणि मराठी गिऱ्हाईक एकत्र दिसू लागले. वसाहतीत जी ओळख वर्षभरात होत नसे, ती तेथे एका दुपारी होई.

१ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधने उठली. चिनी काठ्या आल्या, स्वस्त आणि खरोखरच चांगल्या. नंतर घरपोच विक्री आली. ते दुकान आता नाही. त्या जागी मोबाईलची आवरणे मिळतात. याचा दोष कोणाला द्यावा? नातवाची काठी तीर्थरूपांच्या काठीपेक्षा हलकी, मजबूत आणि, रुपयाचे मूल्य लक्षात घेता, कितीतरी स्वस्त आहे. खुद्द हार्डीची पेढीही २०१३ मध्ये एका अमेरिकी समूहाने विकत घेतली. गेले ते एवढेच, की आकडा विकणाऱ्याला पाणी ठाऊक होते.

आणि पाणी ठाऊक असणे, हाच या विषयाचा गाभा आहे, असे आम्हांस वाटते. आमच्या तरुणपणी रविवारी पहाटेच्या गाडीने होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, जात असू. नर्मदेतला महाशीर, तिकडच्या बोलीतला 'बाडस', तेव्हा कोळ्यांच्या टोपलीत नित्य दिसे. पावसाळ्यात तो उपनद्यांत चढून वाळू-गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. १९७० च्या दशकात तवा व बारना, १९९० च्या सुमारास बरगी, २००५ च्या सुमारास इंदिरा सागर, अशी धरणे झाली. शेतीला पाणी मिळाले, घरी वीज आली, आणि महाशीरची वाट अडली. त्यात वाळूचा उपसा. २०११ मध्ये शासनाने महाशीरला राज्याचा मासा जाहीर केले. सन्मान मिळाला तोवर सन्मानमूर्ती दुर्मीळ झाली होती.

ही हानी भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न मराठी माणसांनी केला, हे येथे अभिमानाने नमूद करावयास हवे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महाशीरच्या अंड्यांचा व पिलांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण तलावाकाठी कृत्रिम प्रजननाचे केंद्र उभे राहिले. तेथील लक्षावधी पिले देशभरच्या जलाशयांत सोडली गेली. २०१८ च्या मूल्यमापनात खुद्री महाशीर संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

पण अभिमानाबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही पिले कावेरीतही गेली. तेथे मदाराचा म्हणून ओळखला जाणारा, जगातील सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक मासा होता. १९४६ मध्ये त्याच नदीच्या काबिनी या उपनदीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आहे. नव्या पाहुण्यांची संख्या वाढत गेली, तसा तो मागे हटला. २०१८ मध्ये त्याला निश्चित शास्त्रीय नाव मिळाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. हे बदल ध्यानात आले ते कशावरून? कावेरीकाठच्या शिबिरांत हौशी गळकऱ्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या, धरून परत सोडलेल्या माशांच्या नोंदींवरून. पुढे २०१० च्या सुमारास अभयारण्याच्या हद्दीत गळ म्हणजे शिकारच, असे ठरून ती शिबिरे थांबली, आणि त्या नोंदीही थांबल्या. कायद्याचा हेतू शुद्धच होता. वळवणच्या शास्त्रज्ञांचाही होता. नदीला मात्र हेतू कळत नाही. तिला परिणाम कळतो.

म्हणून नातवाला आम्ही काठीबरोबर एक वही दिली आहे. तारीख, जागा, पाण्याचा रंग, मासा कोणता, सोडला की नाही. गेल्या महिन्यात हथाईखेड्याच्या बांधावर त्याने पहिली नोंद केली : "काही मिळाले नाही. पाणी गढूळ." आम्हांस त्या वृद्ध दुकानदाराची आठवण झाली.

आपल्या मंडळाच्या कित्येक घरांत अशा काठ्या, चकऱ्या, आकड्यांचे डबे, क्वचित वह्याही असतील. नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून आपण काय काय आणले, याच्या याद्यांत त्या सहसा येत नाहीत. ज्यांच्याकडे त्या असतील, त्यांनी टाकून देण्यापूर्वी एकदा मंडळात दाखवाव्यात. काठ्या तर बाजारात मिळतीलच. नर्मदेत १९६० साली कोणत्या घाटावर कोणता मासा होता, हे मात्र आपल्या घरच्या वहीखेरीज कोठे मिळणार नाही.