परक्या मुळांवरचा संत्रा

मंगरुळपीर-कारंजा पट्ट्यातला जाणता बागायतदार संत्र्याची कलमं घेताना पानांच्या तजेल्याआधी डोळा किती उंच बांधलाय ते पाहतो. जमिनीपासून निदान वीतभर वर हवा. वाशिमची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि डोळ्याचा जोड ओल्या मातीला टेकला की खोडातून डिंक ओघळायला वेळ लागत नाही.

कारण वर नागपुरी संत्रा असला तरी मुळं त्याची नसतात. ती जंभेरीची, नाहीतर रंगपूर लिंबाची. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या पन्हेरीत आधी हा खुंट वाढवतात, मग त्यावर संत्र्याचा डोळा चढवतात.

रोगापासून बचावासाठी खुंट निवडायची रीत पक्की झाली ती एका मोठ्या संकटानंतर. १८४२च्या सुमारास अटलांटिकमधल्या अझोरस बेटांवर बियांपासून वाढवलेली गोड संत्र्याची झाडं डिंक गाळत मरू लागली. रोग पुढे भूमध्य सागराच्या काठाने पसरला. त्यात कडू संत्रा मात्र तग धरून राहिला, आणि बागायतदारांनी गोड संत्र्याला त्याची मुळं दिली. मारेकरी होता फायटोफ्थोरा. दिसायला बुरशी, पण नात्याने तपकिरी शेवाळाच्या जवळचा. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत येतात. प्रतिकारक झाडाच्या पेशी शिरकावाच्या जागेभोवती जाड, काष्ठमय थर उभारतात आणि रोगट भाग तिथेच कोंडतात.

जिवाणूंशी मुळं देतात ती झुंज तर याहून विलक्षण. टोमॅटो-वांग्याच्या मर रोगाचा राल्स्टोनिया हा जिवाणू मुळांच्या जखमांतून आणि उपमुळं फुटतात त्या फटींतून आत घुसतो, पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवतो आणि झाड हिरवंगार असतानाच माना टाकतं. मुळाच्या टोकावरून सुटणाऱ्या पेशी आपल्याच डीएनएच्या धाग्यांचं चिकट जाळं बाहेर सोडतात. वाटाण्याच्या मुळांवरच्या प्रयोगांत राल्स्टोनिया त्यात अडकलेला दिसला. तोही कमी नाही. जाळं कापणारी विकरं त्याच्यापाशी असतात! प्रतिकारक मुळांत जिवाणू शिरतो, पण नलिकांच्या जाड झालेल्या भिंतींमुळे त्याची वरची वाट अडते. म्हणूनच तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने टोमॅटोसाठी प्रतिकारक वांग्याचा खुंट सुचवला.

मुळं उसनी घेतली तरी अभय मिळत नाही. १९३०च्या दशकात ट्रिस्टेझा विषाणूने दक्षिण अमेरिकेतली कडू संत्र्यावरची लाखो झाडं संपवली. तेव्हा ब्राझीलला हात दिला तो रंगपूर लिंबाने, आपल्याकडच्याच खुंटाने. जंभेरी जोमाने वाढते, पण मूळकुजीपुढे नमते. रंगपूर अधिक टिकतो, तरी चिबड जमिनीत तोही हरतो. यामुळेच विदर्भात दुहेरी आळ्यांतून पाणी खोडापासून लांब ठेवतात आणि पावसाळ्याआधी व नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

तरीही रोग पुष्कळदा कलमाच्या मुळाशी चिकटलेल्या मातीतूनच बागेत येतो. पन्हेरीची माती स्वच्छ नसेल तर खुंट कितीही चांगला असो, तो लहानपणीच पोखरला जातो. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने म्हणूनच निर्जंतुक मातीच्या पिशव्यांत कलमं वाढवण्याचा आग्रह धरला. डोळ्याची उंची पाहणाऱ्या बागायतदाराने ती माती कुठली, हेही विचारायला हवं.