पंगतीची पावशी

वऱ्हाडात विळीला पावशी म्हणतात. घरच्या पावशीहून कितीतरी मोठ्या पात्याची, सार्वजनिक स्वयंपाकासाठी घडवलेली ती पंगतीची पावशी. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थक्षेत्र. तिथल्या पंगतीच्या जैन स्वयंपाकात कांदा-बटाटा वर्ज्य असल्याने कोहळे, दुधी अशा भाज्यांवर मदार, आणि अख्खे कोहळे घरच्या पावशीला आवरत नाही.

भंगारात असे पाते पाटापासून निखळलेले सापडते आणि त्याला सत्तूर किंवा कोयता समजले जाते. सत्तूर व कोयता हातात धरून चालवायचे, म्हणून त्यांना मूठ किंवा मुठीत बसणारे शेपूट असते. पावशीला मूठ नसते. तिच्या जाड बुडाशी पाटावर ठोकण्यासाठी खिळ्याची भोके असतात. गंजातून लाकडासारखे रेषारेषांचे पोत दिसले तर लोखंड जुन्या घडणीचे समजावे. अशा पात्याला लोहार धारेपुरतीच पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडत. बारकाईने पाहिल्यास तिचा सांधा दिसतो. मोटारीच्या कमान-पाट्यापासून बनवलेले पाते अर्थातच मोटारी आल्यानंतरचे.

दुरुस्तीत जुन्या वस्तूचा घात होतो तो बहुधा ग्राइंडरवर. लोहाराने दिलेले पाणी त्या अरुंद पोलादात असते. घासताना धार निळी पडली, म्हणजे तापमान सुमारे 300 अंश सेल्सिअसवर गेले आणि तेथले पाणी उतरले. मग ती कितीही परजा, टिकत नाही. म्हणून पाते रॉकेलमध्ये भिजवून तांबडा गंज तारेच्या ब्रशने काढावा. खाली घट्ट बसलेला काळा थर राहू द्यावा, तो लोखंडाला राखतो. धार पाणी शिंपडत, हाताने, दगडावरच लावावी. मूळ ठोक्यांच्या खुणा चकचकीत करण्याच्या हौसेपायी पुसून टाकणे हे नुकसानच. शेवटी साबणाने धुऊन, कोरडे करून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल वाळून त्याचा पापुद्रा धरतो. पाट बदलावा लागला तर सागाचा घ्यावा, पण पात्याची भोके जुनीच वापरावीत.

9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची शस्त्र-नियमांत शस्त्रांमध्ये गणना होते. मात्र घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे दुरुस्त पावशी पाटासकट ठेवावी, म्हणजे तिचे काम पाहताक्षणी कळते.